नाना, घोडी उजव्या बाजूनं चढू देईल का?

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की पुढचा महिनाभर माझ्याकडे घोड्यांचीच पत्रं येतात, या वेळेस पण तसंच झालं. सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही, तीन पत्रं घेतो. त्यातलं पहिलं मी चार वेळा वाचलं आणि त्यालाच जास्त जागा जाणार आहे, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न : नाना, नमस्कार. माझे मिस्टर फौजमध्ये नाईक होते. तीन वर्षांपूर्वी एलओसीवर सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याच्या खाली गेला. आता नकली पाय आहे, चालतात चांगले, पण घराबाहेर पडत नाहीत, कोणी भेटायला आलं तर मागच्या दारानं मळ्यात निघून जातात. रात्री झोप नाही, दोन-तीन वेळा उठून दाराची कडी बघतात, गोठ्यापर्यंत जाऊन येतात. यंदा मुलांच्या हट्टानं सारंगखेड्याला गेलो. तिथं एका घोडीजवळ उभे राहिले ते दिवस मावळेपर्यंत, जेवायला पण आले नाहीत, आणि येताना गाडीत किती दिवसांनी स्वतःहून बोलले, म्हणे मला घोडी घ्यायचीय. दीड-दोन लाखाच्या गोष्टी करून राहिले. दीर म्हणतात लंगड्याला घोडं कशाला, पडला तर दुसरा पायपण जाईल. मला काही समजत नाही. घोडी अशा माणसाला बसू देते का? डाव्या पायावर जोर देऊन चढायचं असतं ना, तो पाय तर नाहीये. मी खूप थकलेय नाना. – एक बहीण, ता. शिंदखेडा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं 'दिवस मावळेपर्यंत उभे राहिले' हे वाक्य वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. तीन वर्षांत त्यांनी कुठं एवढा वेळ काढला? आधी माझं सांगतो, म्हणजे मी पुढं जे सांगणार ते कुठून आलं हे तुम्हाला कळेल.

2002 साली ऑपरेशन पराक्रमच्या वेळेस, म्हणजे फौज लढाईच्या तयारीनं सीमेवर नेली तेव्हा, आम्ही बॉर्डरवर होतो, सुरुंग पेरले पण आम्हीच आणि नंतर काढले पण आम्हीच, त्या काढण्यात माझा डावा पाय गेला, तुमच्या मिस्टरांसारखाच, गुडघ्याखाली. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला पाय बसवला, ते सेंटर 1944 पासून जवानांचे हातपाय बनवतंय, तिथं होतो तोवर मी बरा होतो कारण आजूबाजूला सगळे माझ्यासारखेच. गावी आलो आणि खाट धरली. दोन वर्षं. घरचे सगळं हातात आणून द्यायचे, पाण्याचा तांब्यासुद्धा, आणि मला एकही माणूस एकही काम सांगायचा नाही. ताई, तो तांब्या मला त्या सुरुंगापेक्षा जास्त लागला, खरं सांगतो.

आमच्या गल्लीत एक जण लग्नात घोडी लावायचा. त्याची घोडी मैना, कुमैत रंगाची, म्हातारी होत चाललेली, खूर वाढलेले, पाठीवर खोगिराचे व्रण. दिवाळीनंतर तो आला आणि मला म्हणाला, "नाना, मी ऊस तोडाले जाई राहिनू, दोन महिना इले संभाळ." एवढंच बोलला. माझ्या पायाकडे बघितलं पण नाही. घरातले सगळे एकदम ओरडले की अरे त्याला कसं जमेल, आणि मी म्हणलं बांध माझ्या खाटेशेजारी.

आता झोपेचं. तुमच्या मिस्टरांसारखंच माझं होतं, रात्री कडी बघ, अंगणात फिर, कुत्रं भुंकलं की अंगाला घाम. लोक म्हणायचे डोकं फिरलंय. डोकं नाही हो फिरत, पहारा उतरत नाही. वर्षानुवर्षं शरीराला शिकवलंय की झोपलास तर मेलास, ते शरीर गावी आल्यावर एका रात्रीत कसं विसरेल? आणि घोड्याचं जन्मापासून तेच असतं. त्याला कोणीतरी खायला येणार हे त्याच्या रक्तात आहे, म्हणून तो उभ्याउभ्या डुलकी घेतो, कान मात्र फिरत राहतात. गाढ झोप लागायला त्याला आडवं व्हावं लागतं, आणि कळपातले बाकीचे आडवे होतात तेव्हा एक तरी घोडा उभा राहून जागतो. म्हणजे सेंट्रीच की. मैना एकटी होती, तिला सेंट्री कोणी नव्हता, पहिले पाच-सहा दिवस ती रात्रभर उभी, आणि मी खाटेवर बसलेला. दोघं एकमेकांकडे बघायचो.

मग एका रात्री, थंडी होती, मी गोधडी घेऊन तिच्या खुंट्यापासून चार हातांवर बसलो होतो, ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, नाकातून एक लांब श्वास सोडला, पुढचे गुडघे वाकवले आणि धप्पकन बसली. नंतर मान टाकून आडवीच झाली. थोड्या वेळानं चक्क घोरायला लागली. मी हललो नाही, मुंगी चावली तरी हललो नाही. मला त्या रात्री समजलं की हिनं पहारा माझ्याकडे दिलाय. तेव्हापासून मी रात्री उठत होतो ते ड्यूटी म्हणून उठत होतो, बारा ते दोन, एक चक्कर, पाणी बघायचं, दावं बघायचं, परत येऊन पडायचं. आणि हळूहळू ड्यूटी संपली की झोप यायला लागली, कारण ड्यूटी संपते ना, भीती संपत नाही. औषधं पण चालू होती, तेही सांगतो, घोडीनं जादू केली असं नाही.

तर ताई, मिस्टर रात्री गोठ्यापर्यंत जाऊन येतात ना, त्यांना थांबवू नका, 'झोपा आता' म्हणू नका. गोठ्यात त्यांची वाट बघणारं कोणीतरी येऊ द्या.

तुमचा खरा प्रश्न, चढायचं कसं. घोड्यावर डाव्या बाजूनं चढायची पद्धत तलवारीमुळं पडली, तलवार डाव्या कमरेला लटकायची, उजव्या बाजूनं टांग टाकायला गेलं तर ती मध्ये यायची. आता तुमच्या घरी काय तलवार नाही. उजव्या बाजूनं चढायचं, चांगला उजवा पाय रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पायाच्या कडीत, आणि नकली पाय वरून पलीकडे. अडचण एवढीच की घोड्याला सगळं डावीकडूनच शिकवलेलं असतं आणि त्याला डावीकडं शिकवलेलं उजवीकडं आपोआप कळत नाही, उजवीकडून कोणी अंगावर आलं की दचकतो. मैनाला मला तीन आठवडे लागले. आधी खरारा, म्हणजे अंग घासायचा ब्रश, उजवीकडून, रोज. मग खोगीर उजवीकडून ठेवायचं. मग एक दगडी ओटा, गुडघ्याएवढा उंच, त्यावर मी उभा राहायचो आणि नुसता उभा राहायचो, ती कडबा खायची. मग खोगिरावर हातानं वजन द्यायचं, मग पोटावर आडवं पडायचं आणि लगेच उतरायचं. ज्या दिवशी ती कान मागं टाकेल त्या दिवशी दोन पायऱ्या मागं यायचं. आणि ओटा कायमचा ठेवायचा, जमिनीवरून चढायचा हट्ट दोन पायांच्या लोकांनी करावा. नकली पाय पलीकडे टाकताना गुडघा आधी वर उचलायला सांगा, त्या पायाला घोटा वळत नाही, तो घोडीच्या ढुंगणाला लागला की ती पुढं सरकते आणि माणूस मागं राहतो.

आता जपायचं काय ते नीट वाचा, हे कापून भिंतीला लावलं तरी चालेल. नकली पायाला रिकीब कळत नाही, पाय आत किती घुसलाय हे माणसाला समजत नाही, आणि पडला तर पाय अडकून घोडी फरफटत नेते. सगळ्यात मोठा धोका हाच. म्हणून डाव्या रिकिबीला पुढून चामड्याचं टोपण लावून घ्यायचं, चपलेचा पुढचा भाग बंद असतो तसं, म्हणजे पाय चवड्याच्या पुढं जातच नाही. माझं दोंडाईच्याच्या एका चांभारदादानं बनवून दिलं होतं, अजून आहे. आणि पाय रिकिबीला किंवा माणूस खोगिराला कधीही, कधीही बांधायचा नाही. एकदा पाय बाहेर निघतो म्हणून माझ्या पुतण्यानं सुतळीनं बांधला होता, मी त्याला खूप बोललो. डाव्या बाजूला वजन कमी पडतं त्यामुळं खोगीर हळूहळू उजवीकडं घसरतं, बसलेल्याला ते कळत नाही, मागून चालणाऱ्यानं बघायचं आणि तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळायचा. डोक्याला घोडेस्वारीचं हेल्मेट, फेटा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दोघांना, माणसाला आणि घोडीला, घोड्याच्या लिदीत ते जंतू असतातच. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, फक्त चाल, पुढं बागडोर, म्हणजे घोडीला धरून चालवायची दोरी, धरणारा एक आणि बाजूला एक. उतरल्यावर नकली पाय काढून स्टंप, म्हणजे उरलेला पाय, बघायचा, गुडघ्याच्या मागं सॉकेटची, म्हणजे नकली पायाच्या वाटीची, कड घासते तिथं खास करून. लाल झालेलं पंधरा-वीस मिनिटांत गेलं तर ठीक, राहिलं तर पुढचे दोन दिवस बसणं बंद आणि सॉकेट दाखवून आणायचं. आणि या सगळ्याच्या आधी डॉक्टरला विचारायचं, स्फोटात नुसता पाय जात नाही, कमरेच्या मणक्याला, कानाला पण मार असतो, कानातला तोल गेलेला असेल तर घोड्यावर चक्कर येते.

बसून फायदा काय, हे दिरांना सांगायला लागेल म्हणून लिहितो. नकली पायाचा माणूस कमरेतून झटका देऊन चालतो, तुम्ही बघितलं असेल, एक बाजू उचलतो, त्यानं पाठ धरते. घोडा चालतो तेव्हा त्याच्या पाठीवर आपली कंबर पुढं-मागं, डावी-उजवी आणि थोडी गोल अशी हलते, माणूस दोन्ही पायांनी चालताना हलते तशीच, मिनिटाला शंभरेक हेलकावे. म्हणजे पाय नसताना कमरेला चालण्याची आठवण करून दिली जाते. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा तापीच्या पुलाकडं जाणारा रस्ता होता, शेजाऱ्याचा पोरगा बागडोर धरून पुढं, आणि साधारण पपईच्या मळ्यापाशी आलो तेव्हा माझ्या नसलेल्या पायाची टाच मला खाली दबल्यासारखी वाटली. दुखलं नाही. एरवी तो नसलेला पाय मला फक्त दुखायचा, अंगठा पिरगाळल्यासारखा, त्या दिवशी तो नुसता होता. मी पोराला म्हणलं थांबू नको, चाल, चाल.

आणि दिरांना ही गोष्ट सांगा. डेन्मार्कची लिस हार्टेल म्हणून एक बाई, 1944 साली पोटुशी असताना पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे पडले ते पडलेच, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा, तिनं 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजला, म्हणजे घोड्याच्या कवायतीत, सिल्व्हर मेडल काढलं. पुरुषांच्या बरोबरीनं. सोनं मिळालं ते स्वीडनच्या एका फौजी अधिकाऱ्याला आणि त्यानंच तिला हात देऊन विजेत्यांच्या पायरीवर चढवलं. त्याआधी ऑलिम्पिकला घोड्यावर फौजेतले अधिकारी किंवा 'जेंटलमन' म्हणवणारे हौशी पुरुषच चालायचे, बाई नाही आणि साधा शिपाई-हवालदारपण नाही. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या टीमनं गोल्ड जिंकलं आणि नंतर काढून घेतलं, का, तर त्यातला एक जण खरा अधिकारी नव्हता, सार्जंट होता. मी स्वतः हवालदार म्हणून रिटायर झालो, ही गोष्ट मला कुठं तरी आत लागते. घोड्याला कॉलरवरचा हुद्दा काही दिसत नाही.

आता पैशाचं, आणि इथं मी मिस्टरांच्या विरोधात बोलणार आहे. घोडी विकत घेऊ नका. आत्ता नाही. दीड-दोन लाख ही नुसती सुरुवात असते, नंतर रोज सहा-सात किलो चारा, वर चंदीला हरभरा, उन्हाळ्यात तीन-चार बादल्या पाणी, दीड-दोन महिन्यांनी नाल, जंताचं औषध. आणि बाजारात माणसं काय बघतात, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं, आहे का, कपाळाला भोवरा कुठं आहे, देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा, आहे का, कानाची टोकं मारवाडी जातीच्या घोड्यासारखी मिळतात का. त्यांना त्यातलं काही उपयोगाचं नाही, त्यांना लागते वय झालेली, दहा-बारा वर्षांची, अंगावर माशी बसली तरी शेपटीशिवाय काही न हलवणारी घोडी, आणि ती बाजारात सजवून उभी नसते.

मग कुठं असते? लग्नवाल्याकडं. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, लग्नं बंद, घोडी बसून खाते आणि मालक वैतागतो. तुमच्या आसपास दोन-चार जण नक्की असतील. आत्तापासून मिस्टरांना त्यातल्या एकाकडं जाऊ द्या, रोज सकाळी, खरारा करायला, थाण, म्हणजे घोडी बांधायची जागा, झाडायला, फुकट काम करायला कोणी आला तर कोणी नाही म्हणत नाही. चातुर्मासात घोडी आपल्याकडं आणायची, चारापाणी आपलं, कार्तिकीनंतर परत. लग्नाच्या घोडीला डीजे, फटाके, गर्दी सगळं माहीत असतं, ती फटाक्याला उधळत नाही, आणि ज्या माणसाला फटाका ऐकून खाली वाकावंसं वाटतं त्याच्या शेजारी न दचकणारी घोडी असणं ही फार मोठी गोष्ट आहे. दोन गोष्टी मात्र तपासा. तोंडात काटेरी लगाम वापरलाय का, त्यानं जिभेला-जबड्याला जखमा होतात, तोंड दगडासारखं होतं, कायद्यानं त्याला बंदी आहे, साधा लगाम घाला. आणि नाचवलेली घोडी असेल तर तिला टाचेचा जरा इशारा लागला की ती पाय उचलायला लागते, अशी सुरुवातीला नको. चाऱ्याचं एकच सांगतो, कडबा वाळलेला चालतो, कोवळी ज्वारी चुकूनसुद्धा टाकू नका, आणि चारा एकदम बदलू नका, घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात कळ धरली तर रात्रीत जातं.

तुम्ही थकलेय लिहिलं. ताई, तुमच्यासाठी एक काम सांगतो, अवघड आहे. घोडी आली की पहिल्या दिवशी ते पाण्याची बादली उचलतील, नकली पायावर बादली घेऊन चालताना अर्धं पाणी सांडणार, कदाचित पडतील पण. तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघाल आणि धावावंसं वाटेल. धावू नका. पोरांनापण पाठवू नका. कळण्याची भाकरी तव्यावर असेल ती करपू देऊ नका. बादली त्यांची आहे.

प्रश्न : नाना, माझे काका माजी सैनिक, पाठीत गोळी लागलेली, कमरेखाली काही समजत नाही, व्हीलचेअरवर असतात. तुमचं वाचून आम्ही ठरवलं की त्यांना घोड्यावर बसवायचं, आम्ही चार पोरं आहोत, बेल्टनं नीट बांधून बसवू, व्हिडिओपण काढू. काका तयार आहेत. किती वेळ बसवावं? – चोपडा

उत्तर : अजिबात बसवू नका. तुमचं प्रेम कळतं मला, पण वर लिहिलेलं पुन्हा लिहितो, माणूस घोड्याला बांधायचा नाही, घोडं पडलं तर बांधलेला माणूस त्याच्या खाली जातो. तुमच्या काकांना खाली काही समजत नाही म्हणजे खोगीर घासून जखम झाली तर ती कळणार नाही, आणि अशी जखम भरायला महिने लागतात, चिघळली तर जिवावर येते. शिवाय वर्षानुवर्षं पायावर उभं न राहिल्यानं हाडं ठिसूळ झालेली असतात, नुसती टांग फाकवताना मोडू शकतात. कमरेखाली समजत नसलेली माणसंसुद्धा घोड्यावर बसतात, पॅरालिम्पिकला घोडेस्वारी 1996 पासून आहे, पण ते मणक्याचा एक्स-रे बघून, डॉक्टरनं हो म्हणून, शिकलेली माणसं दोन्ही बाजूला ठेवून, त्यासाठी तयार केलेल्या घोड्यावर. चार पोरं आणि एक बेल्ट एवढ्यावर नाही.

पण काका तयार आहेत हे सोडून देऊ नका. घोडं जमिनीवरूनच खूप देतं. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठानं माजी सैनिकांसाठी घोड्यांचा कार्यक्रम केला, आठ आठवड्यांचा, लढाईचा धक्का मनात राहिलेल्या जवानांसाठी, त्यात कोणी घोड्यावर बसलंच नाही, नुसतं जवळ जाणं, खरारा करणं, दोरी धरून चालवणं. काकांना तेवढंच द्या. शांत घोडं आधी व्हीलचेअरला सरावू द्या, रिकामी खुर्ची त्याच्यासमोर आठ दिवस ढकला, मग काकांना घोड्याच्या खांद्यापाशी न्या, मागं कधी नाही, घोड्याला बरोबर मागचं आणि कपाळापुढचं दिसत नाही. बागडोर दुसऱ्याच्या हातात. काकांच्या हातात खरारा. व्हिडिओ नंतर काढा, किंवा नकाच काढू.

दुसरं म्हणजे टांगा. बसायला नीट उंच पाठ असलेली सीट, गादी जाड, दर वीस मिनिटांनी अंग उचलून वजन बदलायचं, आणि लगाम काकांच्या हातात, शेजारी जाणता माणूस. हे पण डॉक्टरला विचारूनच. पुण्यात खडकीला 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, अशाच जवानांसाठी, काकांना माहीत असेल, नसेल तर तिथं एकदा घेऊन जा, तिथली माणसं खुर्चीवरून काय काय करतात ते त्यांना बघू द्या. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर, 1965 च्या लढाईत गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात, आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं गोल्ड आणलं, भारताचं तिथलं पहिलं गोल्ड. ते फौजेत बॉक्सिंग करायचे, पाण्याकडं नंतर वळले. काकांचं पाणी कुठलं आहे ते काकांनाच शोधू द्या.

प्रश्न : नाना, मी पण फौजी, रिटायर. तुमच्यासारखंच घोड्यानं मला बरं केलं असं वाटलं म्हणून झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्या मनानंच बंद केल्या. तीन महिने छान गेले. दिवाळीत शेजारच्या पोरांनी सुतळी बॉम्ब लावला, घोडी दचकून माझ्या अंगावर आली आणि मला काय झालं माहीत नाही, मी तिला चाबकानं मारलं, खूप मारलं. आता मी जवळ गेलो की ती थरथरते. मला माझीच लाज वाटते, कधी कधी वाटतं आपण नसलेलं बरं. – यावल

उत्तर : भाऊ, तुम्ही हे लिहिलंत ही फार मोठी हिंमत आहे, आणि शेवटची ओळ मी सगळ्यात आधी धरतो. 'नसलेलं बरं' हा विचार पुन्हा आला तर एकटं राहायचं नाही, घरातल्या एका माणसाला आजच सांगायचं, आणि 14416 ला फोन लावायचा, टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री पण उचलतात, मराठीत बोलतात. मला पत्र पोचायला आठ दिवस लागतात, फोन लगेच लागतो.

गोळ्या मनानं बंद केल्या ही चूक झाली, आणि त्यात माझापण हात आहे असं मी समजतो, मी घोड्याचं लिहितो तेव्हा गोळ्यांचं पुरेसं लिहीत नाही. मैनाबरोबर असताना मी चार वर्षं गोळ्या घेतल्या, डॉक्टरनं एक-एक करून कमी केल्या. आता पण मनानंच परत सुरू करू नका, जुना डोस एकदम घेऊ नका, आधी डॉक्टर.

घोडीचं. तिला मारणारे तुम्ही, हे ती लवकर विसरणार नाही, घोड्याची आठवण पक्की असते. पण त्याच आठवणीत त्याआधीचे तीन महिनेही आहेत. सध्या तिच्यावर बसायचं नाही. तिचं खाणंपाणी घरातल्या दुसऱ्या कोणी करायचं, तुम्ही फक्त संध्याकाळी तिच्या थाणाबाहेर, तिला दिसेल असं, बाजूला तोंड करून खाली बसायचं, हातात काही नाही, चाबूक तर घरातच नाही ठेवायचा. बोलायचं असेल तर बोला, रडायचं असेल तर रडा, ती बघत राहील. तिनं चारा चावायला सुरू केला म्हणजे तुमच्यासमोर तिचा जीव थोडा खाली बसला. मग कान तुमच्याकडं फिरतील. मग पावलं. किती दिवस लागतील ते ती ठरवणार. तिच्या अंगावर वळ किंवा सूज असेल तर गुरांच्या डॉक्टरला आधी दाखवा, आणि काय झालं ते खरं सांगा, लपवू नका.

तुमचं डॉक्टरचं मात्र संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. उद्या सकाळी निघा, बरोबर कोणाला तरी घ्या, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या इलाजाचं, कार्ड घ्या, आणि गोळ्यांची जुनी चिठ्ठी सापडत नसेल तर रिकामं पाकीट घ्या, त्यावर नाव असतं.